पाळण्यापासून सहस्रचंद्रदर्शनापर्यंत

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात दिलेल्या भाषणाचे शब्दांकन)



"माणसाचं मन लहानपणापासून म्हातारपणापर्यंत कसं वाढतं" या विषयावर अर्धा तास बोला, असा निरोप मला सचिवांनी दिला. मी काही मानसशास्त्राचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालो आणि छत्तीस वर्षं बँकेत काढली. निवृत्तीनंतर वाचनाला वेळ मिळाला आणि त्यात हा विषय हाती लागला. आपल्या इमारतीत दोन डॉक्टर आहेत, तीन शिक्षिका आहेत. माझं कुठं घसरलं तर त्यांनी खुशाल कान धरावा.

मी आज ज्यांच्या आधारानं बोलणार आहे त्यांचं नाव एरिक एरिक्सन. जन्म १९०२, जर्मनीतल्या फ्रँकफर्टचा. मृत्यू १९९४, अमेरिकेत. या माणसानं कॉलेजची पदवी कधी घेतली नाही. तरुणपणी चित्रं काढत युरोपभर भटकला. पुढे व्हिएन्नाला लहान मुलांच्या शाळेत शिकवता शिकवता मनोविश्लेषण शिकला, माँटेसरी पद्धतीची पदविका घेतली, आणि शेवटी हार्वर्ड विद्यापीठात प्राध्यापक झाला. जन्मदाता बाप कोण, हे त्यांना आयुष्यभर कळलं नाही. अमेरिकेचं नागरिकत्व घेताना त्यांनी "एरिक्सन" हे आडनाव स्वतःच घेतलं. त्याचा अर्थ एरिकचा मुलगा. म्हणजे स्वतःच स्वतःचा बाप! "मी कोण?" हा प्रश्न या माणसाला का सुटत नव्हता, ते यावरून समजतं.

१९५० साली त्यांचं "चाइल्डहूड अँड सोसायटी" हे पुस्तक आलं. तोवर बहुतेकांचा समज असा, की माणूस काय व्हायचा तो पहिल्या पाच-सहा वर्षांत होऊन जातो. एरिक्सन म्हणाले, नाही, माणूस मरेपर्यंत वाढतो. त्यांनी आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. प्रत्येक टप्प्यावर मनात दोन ओढी असतात आणि त्यांचा तोल साधायचा असतो. आता बँकेच्या भाषेत सांगतो, मला तीच येते. एका वर्षाची शिल्लक जशी पुढच्या वर्षाच्या खात्यात ओढली जाते, तशी एका टप्प्याची कमाई पुढच्या टप्प्यात जाते. तूटही जाते. पण खातं बंद होत नाही. मागची तूट पुढे कधीही भरून काढता येते, हा त्यांचा मोठा दिलासा.

आपल्याकडे हा विचार अगदीच परका नाही. ब्रह्मचर्य, गृहस्थ, वानप्रस्थ, संन्यास हे चार आश्रम आपण लहानपणापासून ऐकतो. सुधीर कक्कर हे भारतातले नामवंत मनोविश्लेषक. ते एरिक्सनना अहमदाबादला भेटले आणि पुढे हार्वर्डला त्यांचे सहायक झाले. या कक्करांनी आश्रमव्यवस्था आणि एरिक्सनचे टप्पे शेजारी शेजारी ठेवून दाखवले. फरक एक आहे. आपले आश्रम माणसानं काय करावं ते सांगतात, आणि एरिक्सन माणसाच्या मनात काय चाललेलं असतं ते सांगतात.

पहिला टप्पा तान्हेपणाचा, साधारण दीड वर्षापर्यंतचा. इथं प्रश्न विश्वासाचा. रडलं की कुणी उचलतं का? भूक लागली की दूध मिळतं का? आई नजरेआड गेली तरी ती परत येते, हे ज्या दिवशी बाळाला उमगतं, ती त्याची या जगातली पहिली कमाई. तेल लावणाऱ्या मावशी, अंगाई म्हणणारी आजी, पाळण्याची दोरी हे सगळं या खात्यात जमा होतं. यातून जे गाठीला लागतं त्याला एरिक्सन आशा म्हणतात. आणि हो, थोडा अविश्वासही पाहिजे. ज्याचा सगळ्यांवरच विश्वास बसतो तो फोनवर ओटीपी सांगून मोकळा होतो. अशी माणसं मी काउंटरच्या पलीकडे रडताना पाहिली आहेत.

दुसरा टप्पा दीड ते तीन वर्षांचा. मूल चालायला लागतं आणि "नाही" हा शब्द शिकतं. "माझं मी करणार" हा या वयाचा जयघोष. इथं ओढाताण स्वतःच्या मर्जीची आणि लाजेची. आपल्या घरांत एक सवय आहे. मूल उघडं फिरलं की सगळे मिळून "शेम शेम" म्हणतात आणि हसतात. त्या पोराला हसण्यासारखं काय झालं ते कळत नाही, पण आपल्यात काही वाईट आहे एवढं मात्र कळतं.

तिसरा टप्पा तीन ते सहा वर्षांचा. आता मूल नुसतं "मी" म्हणत नाही, बेत आखतं. खेळात दुकान मांडतं, डॉक्टर होतं, बस चालवतं. आम्हा नागपूरकरांना याचं उदाहरण बाहेरून आणायला नको. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचा तान्हा पोळा घ्या. मोठ्यांचा खरा बैल, म्हणून पोट्ट्यांचा लाकडी बैल. पोरगं नटून-थटून बैल ओढत घरोघरी जातं आणि बोजारा मागतं. मोठ्यांचं जग आपल्या हातानं ओढून बघायचा हा सण आहे. एरिक्सन याला पुढाकार म्हणतात, आणि त्याच्या समोर अपराधीपणा ठेवतात. जे मूल सारखं "हात लावू नको" ऐकतं, ते मोठेपणी परवानगीशिवाय पाऊल उचलत नाही.

इथं महाराष्ट्राच्या दोन बायांचं नाव घेतलं पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. ताराबाईंनी गिजुभाई बधेकांबरोबर भावनगरला काम केलं, माँटेसरीचा विचार आपल्या मातीत आणला आणि १९४५ साली बोर्डीला ग्रामीण मुलांसाठी बालवाडी सुरू केली. पुढे १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर, आदिवासी वस्तीत गेलं. मुलं शाळेत येत नाहीत, तर शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ती अंगणवाडी. जी मुलं गुरं राखायला जायची त्यांच्यासाठी कुरणात शाळा भरवली. ती कुरणशाळा. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बाल विकास योजना सुरू झाली तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. लहान मूल वाढायला काय लागतं? इमारत नाही, अंगण लागतं. हा मुद्दा लक्षात ठेवा, मला शेवटी तो लागणार आहे.

चौथा टप्पा शाळेचा, सहा ते बारा. इथं प्रश्न आहे, मला काही जमतं की नाही? हातून काही घडलं की उमेद येते, सतत तुलना झाली की न्यूनगंड. याचं उत्तर शोधायचा मोठा प्रयोग आपल्यापासून ऐंशी किलोमीटरच्या आत झाला. ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींनी वर्ध्याला शिक्षण परिषद बोलावली. डॉ. झाकीर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि त्यातून नई तालीम पुढे आली. मुलानं हातानं काम करत शिकावं, टकळीवर सूत काढता काढता गणित शिकावं. ज्याला पाठांतर जमत नाही त्याच्याही हाताला काही जमतं, हे त्यात होतं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती पुढची गोष्ट. तुरुंगातून सुटून आल्यावर गांधीजींनी ही कल्पना वाढवली. जानेवारी १९४५ मध्ये सेवाग्रामला परिषद भरली, आणि शिक्षण फक्त सात ते चौदा वयाचं नाही, ते गर्भापासून मरणापर्यंतचं आहे, असं ठरलं. पूर्व-बुनियादी, बुनियादी, उत्तर-बुनियादी आणि प्रौढ शिक्षण, असे त्याचे भाग केले गेले. म्हणजे एरिक्सनचं पुस्तक येण्याच्या पाच वर्षं आधी, बापूकुटीच्या आवारात, आयुष्यभर वाढणाऱ्या माणसाचा आराखडा मांडला गेला होता.

पाचवा टप्पा किशोरवयाचा. प्रश्न एकच, मी कोण? आज हा प्रश्न पोरांना पडायच्या आत आपण उत्तर देऊन टाकतो. गावभर फलक लागलेत. आठवीतल्या मुलाचं नाव क्लासला घातलं की तो डॉक्टर नाही तर इंजिनिअर. एरिक्सनचं म्हणणं असं, की या वयाला थोडी सवलतीची मुदत हवी. आम्ही कर्जदाराला हप्ता सुरू होण्याआधी द्यायचो, तशी. या मुदतीत मुलानं चार गोष्टी करून बघाव्या, दोन सोडाव्या.

पण ओळख एकट्यानं ठरवून भागत नाही. आजूबाजूच्या समाजानं ती मानावी लागते. समाजानंच माणसाला हीन ओळख चिकटवली असेल तर? याचं उत्तर नागपूरनं पाहिलं आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आणि लाखो लोकांनी लादलेली ओळख उतरवून ठेवली आणि स्वतः निवडलेली स्वीकारली. बाबासाहेबांचं वय तेव्हा पासष्ट होतं. "मी कोण" हा प्रश्न सोळाव्या वर्षी संपत नाही, आणि तो एकट्याचाही नसतो.

सहावा टप्पा तरुणपणाचा. जवळीक की एकाकीपण? स्वतःची ओळख पक्की झाली की माणूस दुसऱ्याच्या जवळ जायला घाबरत नाही, असं एरिक्सन म्हणतात. आमच्या पिढीत गाडी उलटी होती. आधी लग्न झालं आणि मग एकमेकांच्या सोबतीनं आपण कोण ते कळलं. १९८२ साली कॅरोल गिलिगन या विदुषीनं हाच आक्षेप घेतला, की हे टप्पे पुरुषांच्या आयुष्यावरून आखलेत. बाई आधी सुटी होऊन मग जोडली जात नाही, ती नात्यांमध्येच घडत जाते. इथं बसलेल्या वहिनी मान हलवताहेत, म्हणजे मुद्दा बरोबर असावा. आपल्याकडे मिहानमध्ये नोकरी करणारी तरुण मुलं-मुली भाड्यानं राहतात. रात्री उशिरा येतात, सकाळी लवकर जातात. वर्षभर त्यांच्या शेजारी राहून आपल्याला त्यांची नावं माहीत नसतात. त्यांना एकदा तर्री-पोह्याला बोलवा. एवढंच म्हणतो.

सातवा टप्पा मधल्या वयाचा, चाळीस ते पासष्ट. इथं शब्द आहे जोपासना. फक्त पोटच्या पोरांची नाही, पुढच्या पिढीची, संस्थेची, झाडाची, कामाची. ती नसेल तर माणूस साचतो. डबक्यासारखा. याचं उदाहरण म्हणून एरिक्सननी कुणाला निवडलं? गांधीजींना. १९६२ साली ते अहमदाबादला आले तेव्हा स्वतः साठीचे होते. १९१८ चा गिरणी कामगारांचा संप पाहिलेली माणसं तेव्हा तिथं होती. एरिक्सन साराभाई कुटुंबाचे पाहुणे होते. गंमत अशी, की त्या संपात अंबालाल साराभाई मालकांच्या बाजूला आणि त्यांच्या भगिनी अनसूयाबेन कामगारांच्या बाजूला. संपाच्या वेळी गांधीजी अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. या अभ्यासातून "गांधीज ट्रुथ" हे पुस्तक १९६९ साली झालं, त्याला पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्या पुस्तकात एरिक्सन मध्येच थांबतात आणि गांधीजींना एक पत्र लिहितात. तुम्ही जगाशी अहिंसेनं वागलात, पण घरच्या जवळच्या माणसांशी तुमच्या वागण्यात एक कठोरपणा होता, असा त्याचा सूर आहे. मला ते पत्र फार मोलाचं वाटतं. बाहेर जोपासना करणाऱ्यानं घरात वळून पाहावं, हे त्यातून कळतं.

आणि आता आठवा टप्पा. आम्हा लोकांचा.

दर नोव्हेंबरात आम्ही पेन्शनर मंडळी बँकेत जाऊन हयातीचा दाखला देतो. अंगठा ठेवला, झालं. आपण जिवंत आहोत एवढंच बँकेला कळायला हवं असतं. एरिक्सनचा प्रश्न याहून अवघड आहे. मागं वळून पाहताना, हे आयुष्य माझंच होतं, त्यातल्या चुकामाकांसकट, आणि त्याच्या जागी दुसरं नको, असं म्हणता येतं का? म्हणता आलं तर समाधान. नाही तर खंत, आणि आता वेळ उरला नाही ही भीती. या झगड्यातून जे निघतं त्याला ते शहाणपण म्हणतात. १९८६ साली एरिक्सन, त्यांच्या पत्नी जोन आणि हेलन किवनिक यांनी ऐंशीच्या आसपासच्या २९ जणांच्या मुलाखतींवरून पुस्तक लिहिलं. त्यात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्यांचा जगण्याशी हात सुटलेला नाही, त्यांचं म्हातारपण तगतं.

आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा करतात. मी सवयीप्रमाणे हिशेब करून पाहिला. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साडेएकोणतीस दिवस आणि थोडे जास्त. हजार पौर्णिमांना ऐंशी वर्षं आणि सुमारे दहा महिने लागतात. आमच्या पूर्वजांचा हिशेब चोख होता. पण त्यापुढे काय? याचं उत्तर जोन एरिक्सन यांनी दिलं. नव्वदी ओलांडल्यावर त्यांनी नवऱ्याच्या आठ टप्प्यांना नववा जोडला. तो १९९७ साली छापून आला. त्या म्हणतात, ऐंशी-नव्वदीत मागचे सगळे प्रश्न परत येतात. शरीरावर विश्वास उरत नाही, म्हणजे पहिला टप्पा. कपडे घालायला दुसरा लागतो, म्हणजे दुसरा टप्पा.

हे मी घरात पाहतो आहे. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना दादा म्हणतो, पंच्याऐंशी वर्षांचे आहेत. दीड वर्षापूर्वी त्यांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात नीट चालत नाही. दिवाळीत पुण्याहून माझा नातू आला होता, अडीच वर्षांचा. सकाळी एका बाजूला नातू सदऱ्याचं बटण स्वतः लावायला बसायचा, दुसऱ्या बाजूला दादा. दोघंही "माझं मी" म्हणायचे. नातू चुकला की सगळे कौतुक करायचे. दादांना उशीर झाला की घाई करायचे, सूनबाई पुढे व्हायची, "द्या मी लावते". दादा मान खाली घालायचे. ती मान मला दोन दिवस दिसत राहिली. तिसऱ्या दिवशी आम्ही घरात ठरवलं, दादांच्या बटणाला कुणी हात लावायचा नाही. वीस मिनिटं लागतात. लागू देत. मोठ्या बटणांचे तीन सदरे शिवून घेतले. आता नाश्ता अर्धा तास उशिरा होतो आणि दादा मान वर करून टेबलावर येतात. संध्याकाळी आधाराची काठी घेऊन ते मागच्या मैदानात, कडुनिंबाखालच्या बाकावर बसतात. पोट्टे क्रिकेट खेळतात, दादा डाव्या हाताच्या बोटांवर त्यांच्या धावा मोजतात. तिथं ते पेशंट नसतात, पंच असतात.

मंडळी, आता मैदानाचा विषय निघालाच आहे तर बोलतो. पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे एक ठराव आहे. मागच्या मैदानात पेव्हर ब्लॉक टाकून गाड्या लावायची सोय करायची. ठराव आणणाऱ्यांची अडचण खरी आहे, मला ती मान्य आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण राहायला आलो तेव्हा आवारात स्कूटरी होत्या. आज घरटी एक गाडी, काहींकडे दोन. रात्री गेटबाहेर गाडी लावून झोप लागत नाही, तेही खरं. चेंडूनं काचा फुटतात आणि दुपारची झोप मोडते, ही आमच्याच वयाच्या लोकांची तक्रार. तीही खोटी नाही.

पण एरिक्सनचा एक शेवटचा मुद्दा ऐका आणि मग मत द्या. ते म्हणतात, हे टप्पे एकेकट्या माणसाचे नाहीत. पिढ्या दातेरी चाकांसारख्या एकमेकींत अडकलेल्या असतात. लहानाला भरवशाचं माणूस लागतं, आणि मोठ्यालाही आपली कुणाला तरी गरज आहे हे लागतं. एक चाक काढलं की दुसरं फिरत नाही. आपल्या इमारतीत ही चाकं कुठं एकमेकांना लागतात? लिफ्टमध्ये नाही, व्हॉट्सॲप ग्रुपवर तर नाहीच नाही. त्या मैदानात लागतात. तिथं तान्हा पोळा भरतो, कोजागरीचं दूध आटतं, तिथंच आपल्या लेकी सायकल शिकल्या. त्यातल्या बऱ्याच आज बंगळुरूला, अमेरिकेला आहेत, आणि आपली घरं दोन-दोन माणसांची झाली आहेत. म्हणून तर ते मैदान पूर्वीपेक्षा जास्त लागतं.

नुसता विरोध करून मी थांबत नाही. तीन गोष्टी सुचवतो. पहिली, ज्यांच्याकडे दोन गाड्या आहेत त्यांनी दुसऱ्या गाडीसाठी जास्त शुल्क द्यावं, आणि त्या पैशातून समोरच्या बाजूच्या पार्किंगची नव्यानं आखणी करावी. दुसरी, दुपारी दोन ते साडेचार चेंडू बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे पंचेचाळीसच्या वर पारा जातो, त्या वेळी पोरांनीही घरात कूलरसमोरच बसावं. तिसरी, तळमजल्यापासून त्या बाकापर्यंत एक सपाट वाट आणि कठडा करावा, म्हणजे काठीवाल्यांना आणि बाबागाडीवाल्यांना एकाच वाटेनं जाता येईल. या वाटेसाठी पहिली देणगी माझी, रक्कम मी कोषाध्यक्षांना लेखी दिली आहे.

ठरावाचा निकाल काय लागेल मला माहीत नाही. बहुमत जे ठरवेल ते मला मान्य राहील, सहकाराचा तोच नियम आहे. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी मात्र प्रत्येकानं सहा वाजता दहा मिनिटं मैदानात येऊन उभं राहावं, एवढी विनंती करतो. दादा बाकावर असतील. धावा किती झाल्या ते त्यांना विचारा, बरोबर सांगतील.

 संस्थेला सुवर्णमहोत्सवासाठी आत्ताच शुभेच्छा देऊन ठेवतो.